जुन्या लष्करी ट्रकचा सातबारा



या सदरात आपण एरवी कलमे, खते, तुडतुडे आणि फवारण्या यांविषयी बोलतो. आज जरा वेगळा विषय घेऊ. विषय आहे जुन्या लष्करी ट्रकचा. शेतीच्या पानावर ट्रक कशाला, असे कोणी म्हणेल. पण लाकूड, चिरे, खताची पोती आणि आंब्याच्या पेट्या वाहून ज्यांनी आपला माल घाटावर पोहोचवला, त्या गाड्यांत दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्याही होत्या. त्यांतली एखादी अजूनही कुणाच्या मांगरामागे, माडाच्या झावळ्यांखाली गंजत उभी असते. हल्ली नातवंडांच्या हातात दोन पैसे आले की त्यांना ती पुन्हा उभी करावीशी वाटते. इच्छा चांगली आहे.

जामसंड्याच्या एका बागायतदारांनी असाच सल्ला विचारला. म्हणाले, "साहेब, ट्रक घासून हिरवो रंग मारूया आणि बॉनेटार पांढरो तारो काढूया. लढायेतलो म्हणान शोभात." त्यांना जे सांगितले तेच आज तुम्हा सर्वांना सांगतो. आधी घासू नका, आधी वाचा. त्या रंगाखाली ट्रकचा सातबारा आहे. एकदा ग्राइंडर फिरला की तो उतारा कुठल्याही तलाठ्याकडे पुन्हा मिळायचा नाही.

ट्रक इथवर आला कसा?

१९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि लढाई आपल्या पूर्व सीमेवर येऊन ठेपली. फौजेला हजारो गाड्या हव्या होत्या. इंग्लंडच्या साम्राज्यातील सैन्यांसाठी सर्वांत जास्त गाड्या बनवणारा देश होता कॅनडा. युद्धकाळात कॅनडाने आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने तयार केली. त्यांतली पुष्कळशी सुट्या भागांच्या रूपात, लाकडी खोक्यांत भरून जहाजाने मुंबईला येत आणि इथे जोडली जात. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून होता, फोर्डचाही होता. हे दोन्ही कारखाने १९५० नंतरच्या चारपाच वर्षांत बंद झाले. अमेरिकेकडूनही जीप, डॉज आणि सहाचाकी जी.एम.सी. ट्रक आले.

ऑगस्ट १९४५ मध्ये युद्ध संपले आणि गाड्यांचा हा डोंगर नकोसा झाला. सरकारने तो डिस्पोजलमध्ये काढला. म्हणून जुने लोक आजही 'डिस्पोजलचा ट्रक' असे म्हणतात. काही गाड्या मात्र स्वतंत्र भारताच्या सैन्यात पुढेही चालत राहिल्या. जबलपूरचा शक्तिमान ट्रक १९५९ पासून येऊ लागला, तोवर जुन्यांवरच बरीच भिस्त होती. तेव्हा तुमचा ट्रक १९४६ सालीच बाहेर पडला असेल किंवा आणखी पंधरा वर्षे फौजेत राबून मग लिलावात आला असेल. या दोहोंतले कोणते खरे, ते त्याच्या अंगावर लिहिलेले सापडू शकते.

आधी ओळख, मग रंग

ट्रक कोणता आहे हे आधी पाहा. कॅनडाचे फोर्ड आणि शेवरोले दिसायला जुळ्या भावांसारखे असतात. नाक बसके आणि चपटे, केबिन आखूड. शेवटच्या नमुन्यात पुढची काच वरून पुढे झुकलेली आणि खालून आत गेलेली असते, म्हणजे तिच्यावर ऊन चमकून वरच्या विमानाला गाडी दिसू नये. कारखान्याच्या पाटीवर 'एफ' हे अक्षर असेल तर फोर्ड, 'सी' असेल तर शेवरोले. पुढचा आकडा १५ असेल तर गाडी पंधरा हंड्रेडवेटची, म्हणजे पाऊण टनाची, आणि ६० असेल तर तीन टनांची. त्यापुढे 'एस' असल्यास चासी आखूड, 'एल' असल्यास लांब.

जीप असेल तर अधिक सावध राहा. महिंद्रा कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे त्या घराण्याच्या जीपा कित्येक वर्षे बनत राहिल्या. त्यामुळे युद्धातली म्हणून मिरवणारी जीप पुष्कळदा नंतरची निघते. युद्धकाळातल्या जीपच्या जाळीला बहुधा नऊ फटी असतात, नंतरच्या नागरी जीपला सात. युद्धातल्या जीपला मागे उघडणारा फाळका नसतो, आणि पेट्रोल भरण्याचे तोंड ड्रायव्हरच्या बैठकीखाली असते. फोर्डने बनवलेल्या जीपच्या बोल्टांवर आणि बारीकसारीक भागांवरही 'एफ' अक्षर ठोकलेले आढळते.

आणखी एक गोष्ट. जुन्या गाडीचे मडगार्ड, बॉनेट आणि दरवाजे एकमेकांत बदललेले असतात. एका ट्रकचे बॉनेट दुसऱ्याला बसवले असेल, तर तुम्ही वाचाल तो उतारा दुसऱ्याच जमिनीचा. म्हणून चासीवरचा क्रमांक, इंजिनवरचा क्रमांक आणि केबिनमधली पाटी हे तिन्ही आधी वहीत लिहून घ्या. लाकडी हौदा तर आपल्याकडच्या सुतारांनी दोनतीनदा नवा बांधलेला असतो. तिथे युद्धातली खूण सहसा मिळायची नाही. शोध घ्यायचा तो केबिनवर, मडगार्डांवर आणि चासीवर.

एकेक थर म्हणजे एकेक फेरफार

माती तपासताना आपण खड्डा घेतो आणि कडेचे थर वरून खाली वाचतो. ट्रकच्या रंगाचेही तसेच आहे. सगळ्यांत वर शेवटच्या मालकाचा चकचकीत ऑइलपेंट. त्याखाली मालवाहतुकीच्या काळातला रंग. १९३९ च्या मोटार कायद्यात भाड्याने माल वाहणाऱ्या गाडीला 'पब्लिक कॅरियर' म्हणत. ते शब्द आणि मालकाचे किंवा ग्रामदेवतेचे नाव इथे सापडेल. त्याखाली कदाचित स्वतंत्र भारताच्या सैन्याचा रंग. त्याखाली युद्धातला रंग, तोही एकच असेल असे नाही. आणि अगदी तळाला कारखान्याचा पहिला हात.

युद्धातला रंग ओळखायची एक खूण म्हणजे त्याला चमक नसते. चकाकी शत्रूला दिसते, म्हणून तो मुद्दाम मंद ठेवलेला असे. अमेरिकन गाड्या काळपट ऑलिव्ह रंगाच्या असत. इंग्रजी पद्धतीत १९४१ नंतर काही काळ तपकिरी रंग चालला, १९४४ पासून ऑलिव्हकडे झुकणारा आला. ब्रह्मदेशच्या आघाडीवर गर्द जंगली हिरवा वापरला गेला, वाळवंटात फिकट वाळूचा. म्हणून 'लष्करी म्हणजे हिरवा' असे धरून चालू नका. हिरव्याखाली तपकिरी निघाला तर घाबरू नका, तो खराच असू शकतो.

कोणत्या खुणा शोधायच्या?

पहिली आणि सर्वांत मोलाची खूण म्हणजे गाडीचा लष्करी क्रमांक. इंग्रजी पद्धतीच्या गाड्यांवर हा बॉनेटच्या दोन्ही बाजूंना, बहुधा पांढऱ्या रंगात, सुमारे साडेतीन इंच उंचीच्या अक्षरांत असे. आधी एक अक्षर आणि मग आकडे. 'एल' म्हणजे टनभर किंवा अधिक भार वाहणारी लॉरी, 'झेड' म्हणजे त्याहून लहान ट्रक, 'एम' म्हणजे मोटार, 'ए' म्हणजे रुग्णवाहिका. हा क्रमांक गाडीचा गट नंबर समजा. पलटण बदलली, अधिकारी बदलला, तरी हा सहसा बदलत नसे. डाव्या आणि उजव्या बाजूला एकच आकडा सापडला, तर बॉनेट मूळचे असल्याची शक्यता वाढली. अमेरिकन गाडीवर अक्षर नसून नुसता लांब आकडा असतो. जीपचा आकडा २० ने सुरू होतो.

दुसरी खूण म्हणजे डिव्हिजनचे चिन्ह. वही उभी धरावी एवढ्या किंवा त्याहून लहान जागेत एखादे चित्र असते. चौथ्या भारतीय डिव्हिजनचा तांबडा गरुड, पाचव्या डिव्हिजनचा तांबडा गोळा, सतराव्या डिव्हिजनचे काळे मांजर, तेविसाव्या डिव्हिजनचा लढाऊ कोंबडा, एकोणिसाव्याचा खंजीर. ही चिन्हे पुढच्या मडगार्डवर किंवा बंपरजवळ आणि मागे असत. हे झाले कुळाचे नाव. कूळ बदलले की पुसून दुसरे लिहिले जाई, आणि आघाडीवर जाताना शत्रूला पत्ता लागू नये म्हणून कित्येकदा नुसतेच पुसले जाई.

तिसरी खूण म्हणजे रंगीत चौकोन आणि त्यावर पांढरा आकडा. गाडी कोणत्या खात्याची आणि कोणत्या तुकडीची, ते यावरून कळे. तोफखान्याचा चौकोन वर तांबडा आणि खाली निळा. संदेश खात्याचा वर पांढरा आणि खाली निळा. धान्य, पेट्रोल आणि दारूगोळा पोहोचवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरचा चौकोन तिरपा दुभागलेला, अर्धा तांबडा आणि अर्धा हिरवा. मालट्रकवर हाच सापडण्याचा संभव मोठा.

चौथी खूण तुम्ही आजच्या लष्करी ट्रकवरही पाहिली असेल. पुढच्या बाजूला पिवळी गोल तबकडी आणि तीत काळा आकडा. हा पुलाचा वर्ग. साकवाशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याने पुलाचा आकडा आणि गाडीचा आकडा पाहावा आणि गाडी सोडावी की थांबवावी हे ठरवावे, एवढा सोपा हिशेब.

पाचवी खूण गाडीखाली असते. रात्री दिवे मालवून ताफा चाले, तेव्हा मागच्या ड्रायव्हरला पुढची गाडी दिसावी म्हणून मागच्या आसाच्या डिफरन्शियलचा गोळा पांढरा रंगवत आणि त्यावर बारीक दिव्याचा उजेड पाडत. ग्रीस आणि चिखलाच्या थराखाली हा पांढरा रंग पुष्कळदा टिकलेला असतो. काही गाड्यांच्या बॉनेटवर पिवळसर हिरवट रंगाचा एक पट्टा निघतो. तो विषारी वायूचा थेंब पडताच रंग बदलणारा खास लेप असे. पेंटरने चुकून लावलेला डाग समजून तो घासू नका.

सहावी खूण म्हणजे बाण. कावळ्याच्या पायासारखा तीन रेघांचा बाण ही इंग्रज सरकारच्या मालाची निशाणी. पाने, जॅक, डबे, पाट्या यांवर ती ठोकलेली असते. कॅनडाच्या सरकारी मालावर हाच बाण 'सी' अक्षराच्या पोटात असतो. स्वतंत्र भारताच्या लष्करी गाड्यांच्या नंबरातही आधी वर तोंड केलेला बाण असतो, मग वर्षाचे दोन आकडे, मग अक्षर आणि क्रमांक. तो सापडला तर तुमची गाडी स्वातंत्र्यानंतरही फौजेत होती हे कळले. तो थर युद्धातला नाही म्हणून कमी मोलाचा, असे समजू नका.

थर उघडायचे कसे?

यासाठी महागडी हत्यारे लागत नाहीत. टॉर्च, वॉटर पेपर, पाण्याची बादली, मऊ फडके, फूटपट्टी, बटर पेपर आणि फोनचा कॅमेरा एवढे पुरे. लागतो तो धीर, आणि कलम बांधणाऱ्या हाताला धीर शिकवावा लागत नाही.

प्रथम गाडी साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा. प्रेशरचा पंप लावू नका, सुटलेले पोपडे उडून जातील. मग तिन्हीसांजेनंतर टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा. आंब्याच्या पेटीवर आपण पत्र्याच्या साच्यातून मार्का उमटवतो, तेव्हा कडेला रंग थोडा जाड बसतो. तशीच जाड कड जुन्या अक्षरांनाही असते. वर चार हात रंग चढले तरी आडव्या उजेडात ती उंचवट्यासारखी दिसते. जे दिसेल त्याचा फोटो काढा आणि खडूने भोवती खूण करा.

दुसऱ्या दिवशी खुणेपासून दूर, जिथे काही लिहिलेले असण्याचा संभव नाही अशा जागी, रुपयाच्या नाण्याएवढी एक खिडकी उघडा. ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने गोल फिरवा. खालचा रंग डोकावला की ६०० वर या, मग ८०० वर. मध्ये खोल आणि कडेला उथळ असे घासत गेले, की कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशा रंगांच्या कड्या दिसतील. त्या मोजा आणि वरून खाली क्रमाने लिहून ठेवा. हा तुमचा माती परीक्षणाचा खड्डा. कितव्या थराला थांबायचे ते आता कळले.

मग खुणेच्या जागी जा आणि एकेक थर उतरवा. अक्षराची कड दिसली की कागद सोडा. ओल्या फडक्याने पुसा, फूटपट्टी शेजारी धरून फोटो घ्या, बटर पेपर ठेवून पेन्सिलीने आकार उतरवून घ्या. बॉनेटच्या कडेपासून अक्षर किती इंचांवर आहे, खालून किती उंचीवर आहे, ही मापे तारखेसह लिहा. पुढे ते अक्षर गंजून गेले तरी तुमच्या वहीत ते राहील.

ऊन आणि पाऊस कमी लागलेल्या जागा विसरू नका. रिव्हेट मारलेल्या पाट्यांच्या मागे, नंबरप्लेटच्या मागे, बैठकीखाली, बॅटरीच्या तळाशी, दिव्याच्या कड्याखाली, बॉनेटच्या आतल्या अंगाला मूळ रंग ताजा सापडतो. रंग जुळवायचा असेल तर तो अशा जागेवरून जुळवा. बाहेरचा रंग उन्हाने उडालेला असतो.

वाळूचा मारा, ग्राइंडर आणि रंग काढायचे जहाल रसायन हे तिन्ही शेवटी, आणि जिथे काहीही लिहिलेले नाही अशी खात्री झाली तिथेच. गॅरेजवाल्याला गाडी देण्याआधी हे त्याला बजावून सांगा. तो बिचारा आपल्या परीने पत्रा लखलखीत करून देईल, आणि त्या लखलखाटात सगळा उतारा जाईल.

सापडेल तेवढेच लिहा

आता मुख्य मुद्दा. पुष्कळ घरांत आजोबा किंवा पणजोबा फौजेत होते. मराठा पलटणीची पहिली बटालियन आणि तिसरी बटालियन इटलीत लढल्या. तिसऱ्या बटालियनचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिथे धारातीर्थी पडले, आणि पहिल्या बटालियनच्या नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. चौथी बटालियन मात्र पूर्वेला होती. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकच्या लढाईत ती होती, आणि तिची डिव्हिजन तेविसावी, म्हणजे कोंबड्याच्या चिन्हाची. हे सगळे ऐकलेल्या घराला आपल्या ट्रकवर गरुड किंवा कोंबडा काढावासा वाटणे साहजिक आहे.

पण जरा विचार करा. इटलीत लढलेली माणसे जहाजाने परत आली, त्यांचे ट्रक सहसा तिकडेच राहिले. मुंबई इलाख्यात डिस्पोजलला निघालेला ट्रक बहुधा भारतातल्या एखाद्या डेपोतला किंवा पूर्व आघाडीकडचा. त्यावर तांबडा गरुड सापडला तरी तो कोणत्या थरात आहे ते पाहा, कारण चौथ्या डिव्हिजनचे ते चिन्ह स्वातंत्र्यानंतरही भारतीय सैन्यात चालू राहिले आहे. बाणाच्या नंबराच्या थरात गरुड असेल तर तो स्वातंत्र्यानंतरचा. पांढऱ्या ताऱ्याचेही तसेच. अमेरिकन गाडीवर तो शोभतो, दोस्त फौजांच्या इतर गाड्यांवरही युद्धाच्या अखेरीस तो आला. तुमच्या ट्रकवर असेलही. पण रंगाखाली सापडला तर आहे, नाही सापडला तर नाही.

आजोबांच्या पराक्रमाला ट्रकच्या साक्षीची गरज नाही. त्यांची साक्ष पेटीत ठेवलेल्या पदकांवर आहे. भारतीय सैनिकांच्या पदकांच्या कडेला किंवा पाठीवर त्यांचा नंबर आणि नाव ठोकलेले असते. बर्मा स्टार असेल तर ते पूर्वेला होते, इटली स्टार असेल तर इटलीत. तेवढे कागदावर उतरवून ठेवा आणि ट्रकचे ट्रकपाशी ठेवा. दोन वेगळ्या जमिनींचे उतारे एकत्र शिवले तर दोन्ही खोटे ठरतात. उद्या कुणी जाणकार घरी आला, एक खूण बनावट निघाली, तर तो खऱ्या खुणेवरही विश्वास ठेवणार नाही. शिवाय लढाईतली गाडी म्हणून नव्या चित्रांच्या जोरावर दुप्पट किंमत सांगणारे दलालही भेटतात. विकत घेणाऱ्याने रंग वरवर पाहू नये, थर पाहावा.

आणि काहीच सापडले नाही तर? तर साधा, चमक नसलेला रंग द्या आणि जागा कोरी ठेवा. 'पब्लिक कॅरियर'चा थर चांगला निघाला तर तोच राखायला काय हरकत आहे? त्या ट्रकने युद्धात चार वर्षे काढली असतील, पण तुमच्या घरासाठी कदाचित तीस वर्षे घाट चढला असेल. तोही इतिहासच, आणि तो तुमचा आहे. निर्णय काहीही घ्या, पण तळहाताएवढी एक खिडकी, सगळे थर दिसतील अशी, न रंगवता ठेवा. पुढच्या पिढीला ताडून पाहता येईल.

प्रत्यक्ष पाहायचे असेल तर अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, १९९४ साली सुरू झालेले लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. शिर्डीला जाताना वाट वाकडी करून मुलांना दाखवावे. खुणा किती मोठ्या, कुठे आणि कशा असत, याचा अंदाज डोळ्यांना येतो. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राचेही संग्रहालय आहे. लष्करी हद्दीत जाण्याआधी परवानगी आणि वेळ विचारून घ्या.

जिवाला जपा

जुन्या रंगात शिसे असते. गंज रोखायला तळाशी शेंदराचा हात देत, आणि शेंदूर म्हणजे शिशाचेच संयुग. पिवळ्या रंगातही ते असे. शिशाची धूळ लहान मुलांना आणि गरोदर बाईला फार घातक. म्हणून कोरडे घासायचे नाही, नेहमी ओले. तोंडाला चांगला मास्क लावा, काम झाल्यावर हातपाय धुऊन कपडे वेगळे धुवा. घासलेले पाणी विहिरीकडे, परसातल्या भाजीकडे किंवा गुरांच्या गोठ्याकडे जाऊ देऊ नका. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो, तो हवेच्या झोताने उडवू नका.

उघडलेल्या खुणेवर आपल्या खाऱ्या वाऱ्यात आठवड्यात गंज धरतो. त्यासाठी उकळलेल्या अळशीच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा, आधी कोपऱ्यात लावून पाहावा. पण एक गोष्ट गाठीला बांधा. अळशीच्या तेलात भिजलेल्या चिंध्या चुरगळून ठेवल्या तर त्या आपोआप तापून पेट घेतात. आपल्या शेडमध्ये पेटी भरायचा पेंढा पडलेला असतो. काम झाले की चिंध्या लगेच पाण्याच्या बादलीत टाका.

कायद्याचेही पाहा

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कुठल्याही वाहनाला ऑलिव्ह हिरवा रंग देता येत नाही. म्हणजे मूळचा रंग तोच निघाला, तरी रस्त्यावर चालवायच्या गाडीला तो फासण्याआधी परिवहन कार्यालयात लेखी विचारा. हौसेपोटी अडचण नको. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली 'व्हिंटेज' नोंदणीचे वेगळे नियम आले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि गाडी धंद्यासाठी वापरायची नाही. पण हे नियम दुचाकी आणि प्रवासी मोटारींचे आहेत. जीपवाल्याने त्यांची चौकशी करावी. मालट्रकवाल्याने स्वतंत्र विचारणा करावी, आणि जुने कागद, लिलावाची पावती, कराच्या चिठ्ठ्या यांतले काहीही रद्दीत घालू नये.

या कामाला हंगामही आहे. पावसाळी दमटपणात रंगाला हात लावू नये, आणि फाल्गुनात आंबा सुरू झाला की तुम्हाला मान वर करायला सवड नसते. दिवाळी झाली की मोहोर धरेपर्यंतच्या सकाळी यासाठी उत्तम. रोज तासभर, रोज वीतभर. घरातल्या मुलामुलींना वही धरायला बसवा. आजोबांनी ट्रक कुठून आणला, केवढ्याला आणला, पहिली खेप कुठे गेली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याच वेळी विचारा आणि त्याच वहीत लिहा. पत्र्यावरचे अक्षर आणि माणसाची आठवण, दोन्ही उडून जाणारी. जुळली तर घराचा केवढा ठेवा होईल!

पुढच्या अंकात मोहोराचे तुडतुड्यांपासून रक्षण कसे करावे, ते पाहू.